पावागडच्या पंधरा खेपा आणि एक हामटा पास: ट्रेकिंग बुटांचा दहा महिन्यांचा अनुभव

बूट घेतले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, आता गणपती उठले. मधल्या दहा महिन्यांत हे बूट पंधरा वेळा बडोद्याजवळचा पावागड चढले-उतरले, जूनमध्ये हिमालयातला हामटा पास ओलांडून आले आणि नंतर बडोद्याचा पावसाळाही त्यांनी काढला. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता त्यांचे गुण आणि खोडी दोन्ही नीट कळले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

घोट्याच्या वरपर्यंत येणारे, आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेले, खोल खाचांच्या रबरी सोलचे हे बूट. जोडीचं वजन सुमारे ११०० ग्रॅम, किंमत ७२०० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझा चवडा रुंद आहे, त्याला बसलेला बूट अरुंद पायाला सैल होणार.

खरं तर ही माझी दुसरी जोडी. पहिली मी अलकापुरीतल्या एका दुकानातून सकाळी अकरा वाजता, पातळ मोज्यांवर, नेहमीच्या मापाची घेतली. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकली, छान वाटलं. पावागडावर चढतानाही छान वाटलं. उतरायला लागल्यावर मात्र प्रत्येक पायरीला दोन्ही अंगठे पुढे आपटायला लागले. खाली येईपर्यंत एक नख काळंनिळं झालं होतं आणि महिन्याभराने ते गळून पडलं. वापरलेला माल म्हणून दुकानदाराने बदलून दिला नाही. भाचीचा पाय माझ्यापेक्षा लहान, तिला ते बूट दिले.

दुसऱ्या वेळी संध्याकाळी गेले, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो आणि डोंगरातही तो सुजतोच. सोबत जाड लोकरी मोजे नेले, एक माप मोठं काढायला लावलं, आणि दुकानाच्या जिन्यावरून आठ-दहा वेळा खाली उतरून पाहिलं. पाय पुढे सरकतो का, टाच उचलली जाते का, एवढंच बघत होते. विक्रेता कंटाळला असेल, पण माझं या बाबतीत आता ठाम मत आहे: बूट पारखायचा तो उतारावर. चढताना कुठलाही बूट बरा वाटतो.

बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मीटरवर. सरावाला आपल्या हाताशी एकच खरा डोंगर, पावागड, तोही सुमारे ८०० मीटरचा. पण नव्या बुटाला सरावायला तो उत्तम आहे. आम्ही रविवारी पहाटे निघायचो, चांपानेरपासून माचीपर्यंत जुन्या वाटेने पायी, तिथून रोपवेकडे न वळता पायऱ्यांनी कालिकामातेपर्यंत, आणि तसंच पायी खाली. पहिल्या तीन खेपांत टाचेला फोड आले. चौथ्या खेपेपासून बुटाची कातडी माझ्या पायाच्या वळणाने दुमडायला लागली आणि फोड कायमचे थांबले. चढताना वरच्या दोन हुकांमधली नाडी सैल ठेवायची म्हणजे घोटा मोकळा वळतो, आणि उतरायच्या आधी खाली बसून, टाच मागे दाबून, नाडीला घोट्यापाशी दुहेरी पीळ देऊन घट्ट बांधायची, हेही तिथेच अंगवळणी पडलं.

मार्चपासून मात्र पाय आतून भिजायला लागले. पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो खरा, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी असेल तर. आपल्याकडच्या अडतीस अंश उन्हात तो फरक उरतच नाही. गुजरातच्या उन्हाळ्यात रोज फिरायला बूट हवे असतील तर असा पडदा नसलेले, जाळीचे घ्या.

जूनच्या उत्तरार्धात मी आणि मामेभाऊ पश्चिम एक्स्प्रेसने अंबाल्याला आणि तिथून बसने मनालीला गेलो. हामटा पास पीर पंजाल रांगेत आहे, उंची सुमारे ४२७० मीटर. अलीकडे हिरवंगार कुलू, पलीकडे उघडंबोडकं लाहौल. जोबरा, चिका, बालू का घेरा असे मुक्काम करत गेलो. खिंड ओलांडायचा दिवस मात्र एका दमात पार पाडावा लागतो.

त्याच्या आदल्या संध्याकाळी, बालू का घेराच्या तळावर, दादाच्या पावलांबरोबर काहीतरी फटफट वाजतंय असं वाटलं. वाकून पाहिलं तर उजव्या बुटाचा सोल टाचेपासून अर्धा सुटलेला.

"दादा, थांब, तुझा सोल बघ."

"अगं, दोनदाच तर घातलेत. सहा वर्षं डब्यात जपून ठेवले होते!"

बोटाने दाबलं तर मधला थर जुन्या स्पंजासारखा चुरा होऊन हातात आला. जपून ठेवणंच त्या बुटांना भोवलं होतं. बुटाच्या मधल्या मऊ थरात बहुधा पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणाने ते वर्षानुवर्षं आतल्या आत विघटित होत राहतं, आणि बंद डब्यात न वापरता पडलेले बूट तर लवकर जातात. बडोद्याचे सहा पावसाळे त्या डब्याने पाहिले होते. रात्री गाइडच्या मदतनिसाने त्याचे जादा रबरी गमबूट दादाला दिले. तीन जोड मोजे चढवून त्याने खिंड ओलांडली ती त्या गमबुटांत. त्या मुलाचे उपकार आम्ही विसरणार नाही. तुमच्या माळ्यावर जुने बूट असतील तर तिकिटं काढायच्या आधी ते घालून दोन तास चाला.

पहाटे निघालो तेव्हा बर्फ कडक होता. बुटांच्या तळाला मायक्रोस्पाइक, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दात, अडकवले आणि पुढचे चार तास चढच चढ. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, वीस पावलांना थांबावं लागतं. अशा वेळी बुटाचं वजन जाणवतं. पायातला एक किलो पाठीवरच्या पाचांच्या बरोबरीचा, असं ट्रेकर म्हणतात, ते मला तिथे मनापासून पटलं. वर पोचल्यावर समोर इंद्रासन शिखर उभं होतं. मी रडले, हे लिहायला मला संकोच नाही.

खरी परीक्षा पलीकडे होती. पुढच्या मुक्कामाकडचा, शियागोरूचा उतार सरळ खाली जातो आणि तोवर उन्हाने बर्फ मऊ झालेला होता. गाइड सारखा म्हणत होता, "एड़ी मारो, दीदी, एड़ी!" टाच बर्फात जोराने रोवायची, गुडघा किंचित वाकवायचा, वजन सोडायचं, मग दुसरी टाच. दोन तास हेच. बूट जागचा हलला नाही. अंगठे एकदाही पुढे लागले नाहीत, घोटा दोनदा वळता वळता सावरला. तंबूत मोजे काढून मी आधी नखं पाहिली. दहाच्या दहा शाबूत.

या खोल खाचांच्या सोलमागे एक दुःखद गोष्ट आहे. १९३५ साली इटलीचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा सहकारी आल्प्समध्ये दगावले, आणि त्यात अपुऱ्या बुटांचाही वाटा होता. तेव्हा बुटांना लोखंडी खिळे मारत. ब्रामानींनी १९३७ मध्ये खाचांच्या रबरी सोलचं पेटंट घेतलं. सोल बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीचं नाव त्यांच्याच नावातून आलं. त्या उतारावर मला ही माणसं आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शियागोरूची नदी ओलांडायची होती. हिमनदीचं पाणी दुपारी ऊन चढलं की वाढतं, म्हणून पहाटेच पार व्हायचं. इथे बूट घालून उतरू नका. वरून एकदा पाणी शिरलं की तोच पडदा ते आत धरून ठेवतो. मी पट्ट्यांच्या सँडल नेल्या होत्या. आमच्यातल्या एकाने बुटासकट पाय घातला, त्याचे बूट पुढच्या मुक्कामी, छत्रूला पोचूनही पिळून काढावे लागत होते.

आता तक्रारी. डाव्या बुटाचा वरून दुसरा हुक वाकला आहे. पुढची रबरी पट्टी ऑगस्टमध्ये सुटली, ती मांडवीजवळच्या मोचीकाकांनी साठ रुपयांत चिकटवून, वर टाके घालून दिली, अजून पक्की आहे. चवड्याजवळ जिथे बूट दुमडतो तिथे पडदा बहुतेक फाटला असावा, कारण रावपुऱ्यात गुडघाभर नाही, नुसत्या घोट्याखालच्या पाण्यातही डावा मोजा ओला होतो. आतली गादी सहा महिन्यांत चपटी झाली, ती बदलावी लागली. भिजले की वाळायला पूर्ण दोन दिवस लागतात. कागदाचे बोळे भरून पंख्याखाली ठेवते, उन्हात किंवा हीटरसमोर कधीच नाही, गोंद सुटतो.

पावसाळ्यात पाणी अडवणारा बूट म्हणून आज मी पाचपैकी दोन देईन. उतारावरच्या पकडीला पाच, घोट्याच्या आधाराला पाच. पुन्हा घ्यायचे झाले तर हेच घेईन, पण ट्रेकच्या किमान तीन महिने आधी.

दादाने परवा नवे घेतले. रोज संध्याकाळी ते घालून दांडिया बाजारात भाजी आणायला जातो, आणि येत्या रविवारी आम्ही दोघं पहाटे साडेपाचला पावागडाकडे निघतो आहोत.