पीजीएफप्लॉट्स, आठ महिन्यांनंतर: आलेख छापून येतो, पण खरा असेलच असं नाही

लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर आणि गणित जुळवण्याच्या प्रणालीत) आलेख काढायला पीजीएफप्लॉट्स या पॅकेजइतकं चांगलं दुसरं काही नाही, हे मत आठ महिन्यांनंतरही कायम आहे. अक्षांवरचे आकडे आणि समीकरणं मजकुराच्याच फॉन्टमध्ये येतात. तक्रार वेगळी आहे. अर्धविराम राहिला तर टिक्झ (पीजीएफप्लॉट्सच्या मुळाशी असलेलं चित्र काढण्याचं पॅकेज) अडून बसतं आणि चूक मिनिटात सापडते. छळतात त्या गप्प चुका: कंपाइल सुरळीत, लॉगमध्ये एकही एरर नाही आणि आलेख साफ खोटा. (पर्यायांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये रोमनच लिहायची.)

पहिला फटका साइनचा. कोन अंशांत धरला जातो. त्यामुळे ० ते ६.२८ या डोमेनवर साइन एक्स काढला की लाट दिसतच नाही, ०.१०९ पर्यंत चढणारी जवळजवळ सरळ रेघ मिळते. एक्सभोवती ‘डेग’ लावा, म्हणजे रेडियनचे अंश होतात, किंवा ‘ट्रिग फॉरमॅट प्लॉट्स’ला ‘रॅड’ द्या.

त्याहून घातक म्हणजे सॅम्पल्स, वक्र किती बिंदूंवरून काढायचा तो आकडा. न सांगता फक्त २५ बिंदू घेतले जातात. ० ते १० मध्ये साइन १५एक्स (रेडियनमध्ये) काढून पाहा. खऱ्या लाटा जवळजवळ २४ आहेत, पण दोन बिंदूंमधलं अंतर लाटेच्या लांबीइतकंच पडतं. परिणामी शून्यापासून उणे ०.७१ पर्यंत हळूच उतरणारी एक शांत रेषा छापली जाते. कुणाला शंकाही येणार नाही! एका लाटेला किमान २० बिंदू हवेत. इथे सॅम्पल्स ५०० ठेवा.

टॅनच्या आलेखात दिसणारी उभी रेघ हीसुद्धा वक्राचा भाग नव्हे. एका फांदीचं टोक पुढच्या फांदीला जोडलेलं असतं. ‘रिस्ट्रिक्ट वाय टू डोमेन’ (ठरावीक उंचीबाहेरचे बिंदू वगळतो) आणि ‘अनबाउंडेड कोऑर्ड्स’ला ‘जंप’ (वगळलेल्या जागी रेषा तोडतो) हे दोन्ही एकत्र लावा. खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक फांदीला वेगळा ॲडप्लॉट (वक्र काढण्याची आज्ञा). मोजलेल्या आकड्यांवर ‘स्मूथ’ (बिंदू गुळगुळीत वक्राने जोडणारा पर्याय) तर लावूच नका. बिंदूंच्या मध्ये वक्र फुगतो आणि टक्केवारी शंभराच्या वर गेलेली दिसू शकते.

अक्षावर २०१० साल ‘२,०१०’ असं आलं तर ‘१००० सेप’ (हजारांनंतरचं चिन्ह ठरवणारा पर्याय) रिकामा करा. लाख-कोटींच्या पद्धतीचे स्वल्पविराम मात्र मिळत नाहीत. ‘वायटिकलेबल्स’ (उभ्या अक्षावरच्या खुणांची, म्हणजे टिकची लेबलं) हातानेच लिहावे लागतात. देवनागरी अंकांचंही तेच, कारण टिकवरचे आकडे गणिताच्या फॉन्टमध्ये जातात. शीर्षकं देवनागरीत हवी असतील तर लाटेक चालवणारं पीडीएफलाटेक हे इंजिन सोडून झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या.

‘कॉम्पॅट’ची (पीजीएफप्लॉट्सच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागायचं ते सांगणारी) ओळ गाळली तर नुसती सूचना येते, पण लेबलं भलत्या जागी बसतात. प्रीॲम्बलमध्येच (फाइलच्या सुरुवातीच्या भागात) १.१८ लिहून टाका.

सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांच्या फाइलमध्ये) पन्नास हजार ओळी असतील तर पीडीएफलाटेकची मेमरी संपू शकते. लुआलाटेक ती गरजेप्रमाणे वाढवतं. ‘ईच एन्थ पॉइंट’ने दहातला एक बिंदू घेता येतो, पण वगळलेल्या नऊंत एखादा टोकाचा उंचवटा असला तर तोही गुपचूप जातो. एवढा डेटा आधी पायथनमध्ये पाहून, प्रत्येक टप्प्याचा किमान आणि कमाल आकडा ठेवूनच लाटेककडे द्यावा.