प्रिंटरच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि पाहुण्यांचे पासपोर्ट गेले

गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि आमच्या पेडणे तालुक्यात किनाऱ्याकडच्या गावांत घरच्या खोल्या पाहुण्यांना देण्याला जोर आला. आमच्या घरामागेही अशा तीन खोल्या आहेत, पर्यटन खात्याकडे 1982 च्या कायद्याखाली रीतसर नोंदवलेल्या. हा धंदा करणाऱ्या प्रत्येक घरात एक कॉम्प्युटर असतो, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये येऊन गेलेल्या पाहुण्यांची कागदपत्रं असतात. हा अनुभव मी मुख्यतः त्या घरांसाठी लिहितेय. आमचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण आमच्या घरातून दुसऱ्यांचे कागद चोरीला गेले, आणि ते परत आणायचा मार्ग कुणाकडेच नाही, हे जास्त लागलंय.

परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, त्या फॉर्मला आम्ही सी-फॉर्म म्हणतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आला, पुढे कुठे जाणार, सगळं त्यात येतं. हे काम माझे सासरे, म्हणजे बाबा, करतात. ते सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि शाळेचं हजेरीपुस्तक ठेवावं तसंच त्यांनी पाहुण्यांचं दफ्तर ठेवलं होतं. प्रत्येक पाहुण्याचा वेगळा फोल्डर, त्यावर नाव आणि महिना. आत पासपोर्टचं स्कॅन, देशी पाहुणा असेल तर आधारच्या दोन्ही बाजू. चार मोसमांचं सगळं जागच्या जागी.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली होती, मोसमाची तयारी चालू होती आणि प्रिंटर बंद पडला. बाबांनी कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिल्याच ओळीत नंबर आला. त्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ती पैसे भरून दिलेली जाहिरात आहे, आणि अशी जाहिरात ठकसेनही देऊ शकतो. पान उघडलं तर तेच रंग, तोच लोगो, पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्हसुद्धा. त्या कुलपाचा अर्थ एवढाच असतो की तुम्ही पाठवलेली माहिती वाटेत तिसरा कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस खरा की खोटा, हे ते कुलूप सांगत नाही.

फोनवरचा मुलगा हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. "अंकल, आप टेन्शन मत लीजिए." त्याने एक छोटा प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगितलं आणि त्यात दिसणारा आकडा वाचून दाखवायला लावला. आकडा सांगितला, होकाराचं बटण दाबलं, की तुमचा माउस त्याच्या हातात. दुरून कॉम्प्युटर चालवायची ही सॉफ्टवेअर खरी आणि कामाची असतात, ऑफिसांतून रोज वापरतात. म्हणूनच अँटिव्हायरस त्यांना अडवेलच असं नाही. त्यांच्या आडून होणाऱ्या चोऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. ती सूचना आमच्यासारख्या खातेदारापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न मला अजून सतावतो.

मग त्याने पडद्यावर जे दाखवलं ते नीट समजून घ्या, कारण माणूस तिथेच खचतो. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक खिडकी असते. कॉम्प्युटरच्या आत घडणाऱ्या बारीकसारीक गोष्टींची ती रोजनिशी. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, नेट क्षणभर तुटलं, की तिथे लाल किंवा पिवळी खूण पडते. नव्याकोऱ्या कॉम्प्युटरमध्येही अशा खुणा ढिगाने असतात. त्या मुलाने ती यादी उघडली, सावकाश खाली सरकवत नेली आणि म्हणाला की हे सगळे व्हायरस आहेत, प्रिंटर यांनीच अडवलाय, आणि आता हे तुमच्या बँकेच्या खात्याकडे चाललेत. बाबांना कुणी भोळे म्हणू नये. समोर शेकड्यांनी लाल खुणा दिसत असताना, आणि त्या आपल्याच कॉम्प्युटरमध्ये असताना, कोण घाबरणार नाही?

साफसफाईची फी 4,999 रुपये सांगितली, त्यातले निम्मे परत मिळणार म्हणाला. बाबांनी त्याच्यासमोर नेटबँकिंग उघडलं. त्यानंतर पडदा काळा झाला. "स्कॅनिंग चालू है, फोन मत काटिए." पडदा काळा करायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच असते. तुम्हाला काही दिसत नाही, पलीकडच्याला सगळं दिसत असतं. मी बाहेरच्या दोरीवरच्या चादरी काढून आत आले तेव्हा बाबा मोबाइलवरचे आकडे एकेक करून वाचत होते. मी धावत जाऊन राउटरचा प्लग ओढला. तोवर दोन वेळा पैसे गेले होते, मिळून 1 लाख 12 हजार.

अशा वेळी नुसती खिडकी बंद करून भागत नाही. ती सॉफ्टवेअर मागे चालू राहतात. त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवला, तर तुम्ही झोपलेले असताना तो माणूस पुन्हा आत येऊ शकतो. नेट तोडायचं, प्लग काढून, आणि लगेच 1930 ला फोन करायचा. सायबर गुन्ह्यांसाठीचा देशभराचा नंबर आहे तो. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ विचारतात आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून ते तिथे अडवायचा प्रयत्न करतात. तासाभरात पैसे तीन-चार खात्यांतून फिरतात, म्हणून घरात कुणाची चूक यावर वाद नंतर घालायचा. आमची काही रक्कम अशीच एका खात्यात अडकली आणि बऱ्याच खेपा घातल्यावर न्यायालयाच्या आदेशाने मिळाली. बाकीची गेली ती गेली. बँकेने सांगितलं की ओटीपी तुम्हीच दिला, आमची जबाबदारी नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे खातेदाराच्या निष्काळजीपणाने गेलेले पैसे खातेदारालाच सोसावे लागतात, हे खरं. पण तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं, हेही त्याच परिपत्रकात आहे. म्हणून कळवल्याची वेळ लेखी असू द्या.

इथवरची गोष्ट तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकली असेल. पुढची कमी लोकांना माहीत असते.

बँकेचे पासवर्ड त्याच रात्री बदलले, कार्ड बंद केलं. सगळ्यांनी बँकेबद्दलच विचारलं, मेलबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुढे दिवाळीनंतर कोल्हापूरच्या एका ताईंचा फोन आला. हे कुटुंब दर डिसेंबरला आमच्याकडे येतं. "वहिनी, ॲडव्हान्स मिळाला ना?" मी म्हटलं, कसला ॲडव्हान्स? त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेला निरोप पाठवला. आमच्या अंगणाचा, तुळशीवृंदावनासकटचा फोटो. त्यांच्या मुक्कामाच्या नेमक्या तारखा. आणि खाली त्यांच्या यजमानांच्या आधारकार्डाचं स्कॅन, बाबांनी केलेलं, कोपऱ्यात आमच्या टेबलाच्या काचेची कड दिसते तेच. ओळख पटवण्यासाठी 9,500 रुपये भरा, नाहीतर बुकिंग रद्द होईल, असा मजकूर. ताईंनी भरले. कोण नाही भरणार? स्वतःचं आधारकार्ड ज्याच्याकडे आहे तो खोलीवाला नाही तर कोण?

पडदा काळा होता तेव्हा बाबांचं अख्खं दफ्तर उचललं गेलं होतं.

माझा चुलतदीर म्हापशाला कॉम्प्युटरचं काम करतो. त्याने येऊन आधी मेल उघडला. सेटिंगमध्ये 'फिल्टर' नावाचा भाग असतो, अमुक प्रकारचा मेल आला की त्याचं काय करायचं ते तिथे ठरतं. कुणीतरी तिथे लिहून ठेवलं होतं की ज्या मेलमध्ये बुकिंग किंवा पेमेंट हे शब्द असतील त्याची एक प्रत एका अनोळखी पत्त्यावर जावी, आणि मूळ मेल वाचलेला दाखवून थेट कचऱ्यात जावा. म्हणजे पाहुणे आम्हाला लिहीत होते, आम्हाला पत्र दिसत नव्हतं, आणि उत्तर तिसराच देत होता. बँकेचा पासवर्ड बदलून याला काहीही होत नाही. मेलचा बदलला तरी असा फिल्टर जागेवरच राहतो. तो हातानेच काढावा लागतो.

म्हणून ज्यांच्याकडे असं काही घडलंय त्यांनी मेलपासून सुरुवात करावी, कारण बाकी बहुतेक सगळे पासवर्ड मेलवरून नव्याने काढता येतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा, आणि पासवर्ड विसरल्यास वापरायचा नंबर आपलाच आहे का ते बघा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी यंत्र जोडलेलं नाही ना ते बघा. चोराचा हात लागलेला कॉम्प्युटर पुसून त्यात विंडोज नव्याने घातल्याशिवाय बँकेच्या कामाला घेऊ नका. ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितलेलं असेल तर तेही गेले असं धरा. आमच्या सासूबाईंच्या गॅस बुकिंगचा आणि विजेच्या बिलाचा पासवर्ड कपाटातल्या वहीत लिहिलेला होता. ती वही दुरून कुणाला उघडता आली नाही.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून बसले आणि म्हणाले, "अगो, पाहुण्यांची वही आण. एकेकाला फोन करायचा." 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, सांभाळायला घेतलेली माहिती फुटली तर ती ज्याची त्याला कळवायला हवं, असं सांगितलेलं आहे. बाबांना तेव्हा हा कायदा ठाऊक नव्हता. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरातून गेली तर त्याला सांगायचं, एवढंच त्यांना कळत होतं. दीर वेळ बदनामीची आहे म्हणून थोडं थांबा म्हणाला, ते बाबांनी ऐकलं नाही. काही पाहुणे रागावले, एकाने आमच्याबद्दल वाईट लिहिलंही. रागावण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. बहुतेकांनी मात्र फोन केल्याबद्दल आभार मानले.

देशी पाहुण्यांना बाबांनी सांगितलं ते इथेही सांगते. आधार क्रमांक कुणाच्या हाती लागला म्हणून लगेच खातं रिकामं होत नाही, पण बोटांचा ठसा मिळवून आधारवर पैसे काढायच्या चोऱ्या झालेल्या आहेत. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बायोमेट्रिक कुलूपबंद करता येतं, फुकट. तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची नोंदही तिथेच दिसते. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर बघा. आपलं नसलेलं कार्ड तिथूनच बंद करायला सांगता येतं. रशियन जोडप्याला आम्ही भाषांतर करून पत्र पाठवलं, की पासपोर्टची प्रत चोरीला गेली आहे, आपल्या दूतावासाला कळवा. कोल्हापूरच्या ताईंचे 9,500 आम्ही त्यांच्या मुक्कामात वळते केले. त्या नको म्हणत होत्या.

आता आमच्याकडे सी-फॉर्म भरून झाला की स्कॅन कॉम्प्युटरमध्ये ठेवत नाही, रिसायकल बिनमधूनही काढतो. जी प्रत ठेवावीच लागते ती पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलपात जाते. देशी पाहुण्यांना आधीच सांगतो की आधारची झाकलेली प्रत आणा, जिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. कंपनीचा नंबर हवा असेल तर यंत्राच्या खोक्यावर किंवा बिलावर बघतो. पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच घरचा नंबर देतो आणि सांगतो, आमच्या नावाने पैसे मागणारा निरोप आला तर आधी या नंबरवर बोला.

तक्रार करताना पैशांबरोबर कागद चोरीला गेल्याचंही वेगळं लिहून द्या. आम्ही दुसरी तक्रार केली ती त्याचसाठी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 सी हे कलम दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे आणि 66 डी दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून फसवण्याबद्दल, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उद्या त्या कागदांवर कुणी कर्ज काढलं किंवा सिमकार्ड घेतलं, तर तारखेसह पोचपावती हाती असलेली बरी. आम्ही पोचपावतीचा क्रमांक सगळ्या पाहुण्यांना कळवला. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जाताना बँकेचं स्टेटमेंट, व्यवहारांचे क्रमांक, चोराचा फोन नंबर आणि कॉलची वेळ दिसणारा मोबाइलचा फोटो, खोट्या पानाचा पत्ता, मेलमधल्या फिल्टरचा फोटो आणि 1930 वर मिळालेला तक्रार क्रमांक बरोबर न्या. फिल्टर पुसण्याआधी त्याचा फोटो काढा.