पिकअपच्या केबिनला डॅम्पिंग : एक आंबा हंगाम आणि एक पावसाळा वापरून

सिंगल केबिनच्या पिकअपमध्ये आवाज असायचाच, असं सगळेच धरून चालतात. मालगाडी आहे, तिला काय कारसारखी शांतता! पण देवगडहून संध्याकाळी पेट्या भरून निघायचं आणि पहाटे वाशी मार्केटला लागायचं, असं हंगामभर करणाऱ्या माणसाला विचारा. अंग दुखत नाही इतका कान शिणतो, आणि कान शिणला की डोळ्यावर झापड लवकर येते. म्हणून दिवाळीनंतर, हंगाम सुरू व्हायच्या आधी, केबिन पूर्ण उघडून डॅम्पिंग करून घेतलं, म्हणजे पत्र्याची थरथर आणि आवाज कमी करणारे थर आतून लावून घेतले. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यावरून गेले आहेत, त्यामुळे खात्रीने लिहितो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानदार ती सांगत नाहीत. केबिनमधला आवाज एका जातीचा नसतो. पत्रा थरथरतो तो एक. रस्त्याचा आणि टायरचा आवाज पत्र्यातून, फटींतून थेट आत येतो तो दुसरा. इंजिनाची खोल घुमी तिसरी. अॅल्युमिनियमचा मुलामा असलेली ब्यूटाइल रबराची शीट फक्त पहिल्यावर चालते. ती पत्र्याला चिकटून त्याची थरथर मारते, आवाज अडवत नाही. अडवायला वजनदार थर लागतो, आणि तो सलग लागतो. म्हणूनच डॅम्पिंग शीट पत्र्याच्या मधल्या भागात पाव ते तिसरा हिस्सा लावली तरी बहुतेक फायदा मिळतो, पण जड व्हिनाइलच्या थरात हातभर फट राहिली तर अर्धा पैसा त्या फटीतून जातो.

आमच्या गाडीत सगळ्यात मोठा फरक पडला तो सीटमागच्या भिंतीने. पिकअपमध्ये ही भिंत म्हणजे एकेरी पत्रा. त्याच्या पलीकडे रिकामा हौदा, खाली पाटे आणि डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची पेटी. भरलेल्या गाडीपेक्षा परतीची रिकामी गाडी जास्त वाजते ती याच कारणाने. सीट काढून त्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली तर 'टण्ण' असा आवाज लांबत जायचा. २ मिमीची शीट लावून रोलर फिरवल्यावर त्याच जागी नुसतं 'ठप'. मेस्त्री एक तुकडा लावायचा, पुन्हा वाजवून बघायचा, जिथे अजून टणटणतंय तिथे पुढचा तुकडा. काम करायची खरी पद्धत हीच. त्यावर १० मिमीचा बंद छिद्रांचा, म्हणजे पाणी न पिणारा, फोम लावला.

खाली जमिनीला शीट, वर फोम आणि त्यावर जड व्हिनाइल, चौरस मीटरला साधारण ५ किलोचं. दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून शीटचे तुकडे, छताला शीट आणि फोम. सगळं मिळून पंचवीसेक किलो वजन वाढलं. मालाच्या हिशेबात ते काहीच नाही. खर्च मजुरीसह पंधरा हजारांच्या आत बसला, त्यात निम्म्याहून जास्त मालाचा.

माल घेताना एवढं बघा. एका दुकानात मला डांबरी शीट ब्यूटाइल म्हणून दाखवली होती. वरून दोन्ही चकचकीतच दिसतात. मागचा कागद सोलून नाकाशी धरा, डांबराचा वास लगेच कळतो. ब्यूटाइलला वास जवळजवळ नसतो आणि बोटाने ओढलं की चिकट तंतू सुटतात. डांबरी शीट मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वास मारते, आणि छतावर लावली तर मऊ होऊन सुटायची भीती असते. आमची शीट पूर्ण उन्हाळा काढून जागची हललेली नाही. त्याचं निम्मं श्रेय साफसफाईला. पत्रा आधी धुऊन, कोरडा करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय एकही तुकडा लावू देऊ नका. आणि रोलर मुलाम्यावरची नक्षी दबून सपाट होईपर्यंत फिरला पाहिजे.

कोकणातल्यांसाठी खास. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते तिथून बाहेर पडतं. ती भोकं शीटने बुजली तर दोन पावसाळ्यांत दार खालून सडेल. जुन्या गाद्यांचा नमदा किंवा कापसाचा फेल्ट जमिनीला स्वस्तात मिळतो, तो घेऊ नका. ओल्या चपलांचं पाणी पिऊन तो महिनोन्महिने पत्र्याला चिकटून राहतो. सप्टेंबरात मी मुद्दाम एका बाजूची मॅट उचलून पाहिली. फोम कोरडा, पत्रा स्वच्छ. मागच्या भिंतीला हवा बाहेर जायची झडप असेल तर तीही मोकळी ठेवा, नाहीतर काचा बंद असताना दार आपटूनच लावावं लागतं.

आता फरक किती? मोबाइलवरच्या अॅपने मोजलं. त्याचा आकडा प्रयोगशाळेचा नव्हे, पण तोच फोन, तोच रस्ता, तोच वेग ठेवला तर तुलना करता येते. कणकवलीच्या बाजूच्या काँक्रीटवर, ताशी ७० ला, रिकामी गाडी आधी ७८-७९ डेसिबल दाखवायची, आता ७४ च्या आसपास. चार-पाच डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात, तेव्हा निम्मा झाला असं मी म्हणणार नाही. पण ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा निम्मी होते, आणि रात्रभराच्या प्रवासात ती वजाबाकी अंगाला कळते. काँक्रीटच्या आडव्या खाचांवर टायर जो सूर धरतात, तो बराच खाली बसला. आबा शेजारी बसतात, त्यांच्याशी आता साध्या आवाजात बोलता येतं. काम झाल्यावर पहिल्यांदा हायवेला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडी न्यूट्रलात घातलंस काय रे?"

पावसात तर कमाल आहे. जुलैत छतावर धो-धो कोसळत असताना आधी फोनवर बोलणं अशक्य होतं. आता पावसाचा ताशा जाऊन जाड, दबका आवाज राहिला आहे. थेंबाचा मारा म्हणजे पत्र्याची निव्वळ थरथर, त्यामुळे तिथे शीट पुरेपूर काम करते. कोणाचं बजेट फार तुटपुंजं असेल तर मी म्हणेन, मागची भिंत आणि छत एवढंच करा.

जे गेलं नाही तेही सांगतो. चढावर इंजिन ओढतं तेव्हाची घुमी जवळजवळ तशीच आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ८०. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी चार मीटरहून जास्त, तिला १० मिमीचा फोम काय अडवणार? ती कमी करायची तर इंजिन माउंटिंग तपासा, थकलेलं रबर बदला. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायरिंग आणि केबल आत येतात तिथले ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) फाटलेले असतील तर ते आधी बदला, त्याला फारच थोडे पैसे लागतात आणि टर्बोची शिट्टी तिथूनच आत येते. वाऱ्याचा आवाजही शीटने जात नाही, तो दाराच्या बीडिंगचा, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीचा, प्रश्न. आमच्या डाव्या दाराचं बीडिंग वरच्या कोपऱ्यात दबून चपटं झालं आहे, ऐंशीच्या जवळ गेलं की तिथे सू-सू ऐकू येतं. पूर्वी ते बाकीच्या गोंगाटात बुडून जायचं. डॅशबोर्डची एक क्लिपही अशीच आता वाजताना कळली, ती फेल्ट टेप लावून बंद केली. बीडिंग मागवलं आहे, पुढच्या हंगामाआधी दोन्ही दारांचं बदलून घेणार.