टाऊनशिपमधला फ्लॅट की लेआऊटमधलं घर: बेळगावात दोन्हीकडे राहून पाहिल्यावर

गेल्या वर्षभरात तिघांनी मला हा प्रश्न विचारला. पुण्याची नोकरी सोडून गावाकडे यायच्या विचारात असलेला मावसभाऊ, गोव्यात स्थिरावलेला शाळेतला मित्र, आणि शेजारच्या काकी, ज्यांची मुलगी लग्नानंतर बेळगावातच घर शोधतेय. महामार्गाच्या आसपास ज्या नव्या टाऊनशिप उभ्या राहिल्यात, कमान, बाग, क्लब हाऊस, आखीव रस्ते असं सगळं असलेल्या, तिथे तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यावा, की तेवढ्याच पैशात वडगाव, अनगोळ, हिंडलगा अशा बाजूला लेआऊटमधलं, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतलं, छोटं स्वतंत्र घर?

मी टाऊनशिपमध्ये सव्वातीन वर्षं राहिलो. वडगावात येऊन आता दोन वर्षं होतील. पोहण्याचा तलाव केवढा, जिममध्ये काय काय, हे माहितीपत्रकात असतं आणि आमच्या इथे तरी ते सगळं सांगितल्याप्रमाणे मिळालं होतं. त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. राहताना जे कळलं तेवढंच लिहितो.

टाऊनशिपने आम्हाला जे दिलं ते आधी सांगायला हवं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही तिथेच होतो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि इमारतींना वळसा घालून जाणाऱ्या वाटेवर एकही वाहन येत नसे. दोन महिन्यांत बाबा काठीशिवाय दोन फेऱ्या मारायला लागले. वडगावच्या आमच्या गल्लीत हे जमलं नसतं. इथे दुचाक्या, रिक्षा, सुताची बाचकी घेऊन जाणारे टेम्पो यांतून वाट काढावी लागते. मुलगा सायकल तिथेच शिकला. वळवाच्या पावसात वीज गेली तर जनरेटर लगेच सुरू व्हायचा. इथे हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, वाट बघत बसायचं. आठ दिवस गावाला जायचं असेल तर कुलूप लावून निघायचं, मागे चिंता नाही. ज्यांच्या घरी दोघंही नोकरीला जातात किंवा म्हातारे आईवडील एकटेच राहतात, त्यांनी या गोष्टींचं मोल कमी धरू नये.

कागदपत्रांतही टाऊनशिप सोपी जाते. 2016 च्या रेरा कायद्यामुळे 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी करावीच लागते, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक असतं. आमच्या बाथरूमची गळती याच आधारावर पैसे न देता दुरुस्त झाली. स्वतंत्र घराचं तसं नाही. जमीन एनए (बिगरशेती) झालीय का, लेआऊट बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) मंजूर केलाय का, ई-खाता (मिळकतीची सरकारी नोंद) कुणाच्या नावावर आहे, हे तुम्हाला स्वतः एकेक कागद उलगडून बघावं लागतं. शिवारात गुंठ्यावर विकले जाणारे प्लॉट स्वस्त दिसतात, पण त्यांच्यावर बँका कर्ज द्यायला कचरतात. त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक: प्लॉट किंवा घर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात पसरतं. जिथे बासमती पिकायचा तिथे आता पाया खणतात, आणि उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जागा पावसात काय असते हे शेजारचा शेतकरीच सांगू शकतो. आम्ही चार घरं याच कारणाने सोडली.

पाण्याच्या बाबतीत दोन्हीकडे मला फार फरक वाटला नाही, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं. शहराचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. 2008 च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकीचे अजून दिवस मोजतात. आमच्याकडे काही दिवसांआड नळ येतो, पण परसात जुना आड आहे आणि त्याने आम्हाला अजून दगा दिलेला नाही. टाऊनशिप बोअरवेलवर होती. पहिले दोन उन्हाळे निभावले, तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये आला. पाणी जड, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसायचा. दुसऱ्या टाऊनशिपमध्ये याहून चांगलं असू शकेल. विचारून घ्यावं, आणि ते विक्री कार्यालयात न विचारता तिथल्या राहणाऱ्यांना विचारावं.

मेंटेनन्सचा आकडा आमच्या वेळी 3,200 वरून 4,100 झाला. तो दर महिन्याला, कर्जाचा हप्ता फिटल्यानंतरही चालूच राहणार, हे धरून हिशेब करा. महिन्याला 7,500 च्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांपेक्षा जास्त असली तर त्यावर 18 टक्के जीएसटीही लागतो. फार आलिशान ठिकाणी हा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

अंतराबद्दल एवढंच सांगतो की नकाशावरचं अंतर खरं नसतं. आमच्या कमानीतून बाहेर पडलं की शहर महामार्गाच्या पलीकडे. समोर दिसायचं, पण तिकडे जायला आधी उलट्या दिशेने सर्व्हिस रोडने भुयारी मार्गापर्यंत जायचं आणि मग वळून यायचं. शाळेच्या वेळेला मला पस्तीस मिनिटं लागायची. पुढे रस्ते सुधारतील असं विकताना सांगितलं जातं. पण भातशेतीतून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केलाय, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला असता. व्हायच्या रस्त्यावर भरवसा ठेवून घर घेऊ नये. वडगावातून खडेबाजार, गणपत गल्ली दुचाकीवर सहज होते. विणकरांच्या मागांची खटखट मात्र सकाळपासून असते. पहिले दोन महिने बायकोचं डोकं दुखायचं, आता ती खटखट थांबली की आम्हाला आज काय झालं असं वाटतं.

इथवर वाचून दोन्ही पारडी सारखीच वाटतील. मलाही तसंच वाटत होतं. ज्या गोष्टीने आमचा निर्णय झाला ती कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती, आणि घर घेताना आम्हा चौघांपैकी कुणाच्या मनातही आली नव्हती. ती म्हणजे वाळवण.

आई वर्षाची चटणी घरी करते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मार्चच्या शेवटी मिरच्या आणायच्या, देठ काढायचे, चार-पाच दिवस कडक ऊन द्यायचं, हातात चुरगाळली की करकर वाजली पाहिजे, मग डंकावर कुटून आणायची. त्याच दिवसांत सांडगे, कुरडया, उडदाचे पापड. माझ्या आठवणीत एप्रिल म्हणजे गच्चीवरची जुनी लुगडी आणि त्यावर लाल मिरच्या.

टाऊनशिपमध्ये आम्ही चौथ्या मजल्यावर होतो. वरची गच्ची कुलूपबंद; तिथे टाक्या आणि सौर पॅनेल, किल्ली ऑफिसात. बाल्कनी पूर्वेला, दहा-साडेदहाला ऊन निघून जायचं. शिवाय इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसावा म्हणून बाहेरून दिसेल असं काही वाळत घालायचं नाही हा नियम. धुण्याभांड्यांची जागा आतल्या डक्टकडे, तिथे ऊन कधी पोचलंच नाही. पहिल्या वर्षी आईने मिरच्या खोलीत पंख्याखाली पसरल्या. हाताला वाळल्यासारख्या वाटल्या, कुटून आणल्या, बरणी भरली. जुलैत बरणी उघडली तर वरच्या थराला बुरशी. तीन किलोची चटणी टाकून द्यावी लागली. आईने ती स्वतः नेऊन टाकली, कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या वर्षी तिने इमारतीमागच्या मोकळ्या फरशीवर, बागेच्या कडेला खाट टाकून मिरच्या घातल्या. कुणाच्या वाटेत नव्हत्या. दुपारी सुरक्षारक्षक आला, बिचारा हात जोडून म्हणाला, “अम्मा, ऑफिसातून फोन आलाय.” संध्याकाळपर्यंत रहिवाशांच्या ग्रुपवर त्या खाटेचा फोटो, खाली आमच्या फ्लॅटचा नंबर. कुणी वाईट शब्द लिहिला नव्हता. फक्त नियमाची आठवण करून दिली होती. आईला मोबाइलवरचं वाचता येत नाही, पण फोटो दिसला. तिने मिरच्या गोळा केल्या आणि दोन दिवस फारसं बोलली नाही.

मी समितीला अर्ज दिला. एप्रिलमधले आठ दिवस, सकाळी दहा ते चार, गच्ची उघडावी, जबाबदारी आमची. त्यांनी ऐकून घेतलं. सौर पॅनेलला धक्का लागला तर कोण भरून देणार, एकाला दिली की दोनशे घरांना द्यावी लागेल, वरच्या मजल्यावर एका बाईंना दमा आहे आणि मिरचीची धूळ चालत नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून मला भांडताही आलं नाही. पण घरी येताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. हा सगळा परिसर कोऱ्या जमिनीवर, आधी आराखडा काढून बांधलेला. त्यात योगासाठी ओटा आहे, कुत्री फिरवायला हिरवळ आहे, वाढदिवसाला हॉल आहे. वीस बाय वीस फुटांचा उन्हाचा तुकडा कुणी ठेवला नाही. आराखडा काढणाऱ्याने बेळगावच्या एकाही घरात एप्रिलमध्ये पाऊल टाकलं असतं तर तो तुकडा ठेवायचा राहिला नसता.

पावसाळ्यात तीच अडचण कपड्यांची. इथला पाऊस जूनला धरला की सप्टेंबरपर्यंत सोडत नाही. स्वतःच्या घराला पडवी असते, पत्र्याखाली दोऱ्या बांधता येतात. तिथे शाळेचे गणवेश बेडरूममध्ये टांगलेले, त्यांना कुबट वास, आणि शेवटी आम्ही कपडे वाळवायचं मशीन घेतलं.

तिसऱ्या वर्षी मार्च संपताना आईने पिशवी भरली. “मी चाललो वडगावला. तिथं ऊन हाय,” म्हणाली आणि मामाकडे गेली. पंधरा दिवस राहिली. चटणी, सांडगे, कुरडया सगळं करून आली. आल्यावर चेहरा बघितला आणि बायकोच मला म्हणाली, घर बघायला लागूया. मामाच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून हे मिळालं. फ्लॅट विकून वर सहा लाख घालावे लागले, आणि खोल्या आधीपेक्षा लहान आहेत.

इथली गच्ची मोठी नाही, पण दिवसभर ऊन. गेल्या मे महिन्यात दुपारी आई जरा आडवी झाली होती आणि येळ्ळूरकडून आभाळ भरून आलं. शेजारच्या काकींनी हाक मारली, “अवो, मिरच्या काढा की, वळीव आला!” आई जिना चढेपर्यंत त्यांची सून मधला कठडा ओलांडून आमच्या गच्चीवर आली होती आणि लुगड्याची चारी टोकं धरून निम्म्या मिरच्या गोळा करून झाल्या होत्या. त्या वेळी मी ऑफिसात होतो. आईने हे मला रात्री दोनदा सांगितलं.

म्हणून मावसभावाला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. तुमच्या घरात वाळवण होत नसेल, चटणी विकतची चालत असेल, मुलं लहान असतील, किंवा वर्षातले सहा महिने तुम्ही बाहेर असाल, तर टाऊनशिप वाईट नाही. माझ्या थोरल्या भावाने तिथेच फ्लॅट ठेवलाय आणि तो समाधानी आहे. बाबांनाही त्या चालायच्या वाटेची अजून आठवण येते, रविवारी ते भावाकडे जाऊन फेऱ्या मारतात. घरात आई, सासू, काकी असेल आणि उन्हाळा आला की तिचे हात स्वस्थ बसत नसतील, तर मी जरा लहान आणि जरा जुनं घर घेईन, पण गच्ची स्वतःची असेल असं.

आणि टाऊनशिपच घ्यायची ठरली तर नमुना फ्लॅट बघून परत येऊ नका. एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता, आईला बरोबर घेऊन जा आणि गच्चीची किल्ली मागा.