हीटेड (भट्टीत तापवलेल्या) नीलमची अंगठी: 11 महिने वापरल्यानंतर

अंगठी बोटात सैल व्हायला लागली म्हणून जिथून घेतली होती त्याच दुकानात घट्ट करायला दिली. "मामा, खडा काढून मग डाख लावा," असं मी दोनदा सांगितलं. "ताई, नीलमला काय होतंय हो, दगडच की तो," असं उत्तर मिळालं. संध्याकाळी अंगठी हातात आली तर खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर, एका कोपऱ्यात, पांढुरकी साय धरलेली. पदराने पुसलं, कोमट पाण्यात साबण घालून जुन्या ब्रशने घासलं. जाईना. भिंगातून पाहिलं तर तिथला पैलू खरखरीत झाला होता, काचेवर वाळू घासावी तसा.

बेळगावात शहापूरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वडगावच्या मागावरची साडी घेऊन बाई आली की मी रीळ घेऊन दारात उजेडाला जाते. ट्यूबलाइटखाली रंग जुळवला तर हमखास फसतो. त्यामुळे भिशीचे 38,000 घालून साडेतीन रत्तीचा नीलम घेतला तोही दारात नेऊनच. आत शाईसारखा, बाहेर मोराच्या मानेसारखा. आजही मशीन चालवताना नजर तिकडे जाते.

चौथ्या महिन्यात आमच्या ज्योतिषांनी विचारलं, तापवलेला तर नाही ना, तापवलेला खडा मेलेला असतो. दुकानाच्या कार्डावर फक्त 'नॅचरल ब्लू सफायर' एवढंच. मुंबईच्या लॅबला पाठवला. रिपोर्ट आला: नैसर्गिक, पण तापवल्याच्या खुणा आहेत. त्या दिवशी मी हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. फसवलं, असंच वाटलं.

मग मी वाचत गेले, कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका जुन्या कारागिरांना विचारत गेले, आणि मत बदललं. नीलम म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. शुद्ध असेल तर पाण्यासारखा बिनरंगी. निळा रंग येतो तो आत किंचित लोह आणि टायटॅनियम शेजारी शेजारी बसल्यामुळे. श्रीलंकेत दुधाळ, धुरकट खडे निघतात, त्यांना गेउडा म्हणतात. त्यातलं टायटॅनियम बारीक सुयांच्या रूपात वेगळं पडलेलं असतं, म्हणून खडा दुधाळ दिसतो. 1970 च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी हे खडे स्वस्तात उचलले आणि 1,600 ते 1,800 अंशांच्या भट्टीत घातले. सुया विरघळल्या, टायटॅनियम दगडात मुरलं, लोहाशी जोडी जमली आणि दूध जाऊन निळा उतरला. भट्टीत प्राणवायू कमी ठेवला तर निळा गडद होतो, भरपूर दिला तर फिकट. म्हणजे रंगाचा माल दगडाचाच, आगीने फक्त तो उलगडला. आम्ही सूत उकळत्या पाण्यात रंगवतो, त्यात रंग बाहेरून येतो. इथे तसं नाही. आणि हा रंग पक्का: ऊन, घाम, साबण, कशानेही हलत नाही. उलट माझ्या जावेचा पुष्कराज किरणोत्सर्गाने पिवळा केलेला निघाला. उन्हात तो फिका होत गेला.

पण डाग पडला तेव्हा पोटात गोळा आला. कारागीर म्हणाले, डाख लावताना टाकणखार (बोरॅक्स) लावून ज्योत मारली की तो नीलमचा वरचा थर खातो, पुन्हा पॉलिश करावं लागेल, जयपूरला पाठवतो. आणि जाता जाता म्हणाले, काही खड्यांना टायटॅनियम लावून वरवरच निळं करतात. ते घासले की रंग निघून जातो. माझा तसला असला तर? रात्री पांढऱ्या कागदावर काचेची वाटी ठेवली, पाणी भरलं, काढून आणलेला खडा आत सोडला. वरवरचा रंग पैलूंच्या कडांवर गडद रेघा दाखवतो असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या खड्यात कडांवर काही नव्हतं. निळ्याचे सरळ पट्टे आतून गेले होते, एक गडद, एक जवळजवळ पांढरा, किनारीच्या विणीसारखे. पंधरा मिनिटं बघत बसले. ह्यांनी जेवायला तीनदा हाक मारली.

जयपूरहून खडा आला. 3.21 कॅरेटचा (म्हणजे तोच साडेतीन रत्तीचा) 3.17 झाला, रंग तोच. दारात नेऊन रिळाशी लावून पाहिला. वरचा पैलू पुन्हा आरशासारखा.

तेव्हा घेणाऱ्यांना एवढंच सांगते: हीटेड घ्यायला हरकत नाही, तशाच रंगाचा न तापवलेला नीलम कित्येक पट महाग पडतो. पण बिलावर 'हीटेड' लिहून घ्या, आणि डाख लावायच्या आधी खडा तुमच्या समोर कोंदणातून काढायला लावा. दुकानदाराने भांडणानंतर माझ्या जुन्या बिलावर पेनाने 'हीटेड' लिहून सही केली. पॉलिशचे 1,800 मात्र अर्धेच दिले, बाकीचे दिवाळीनंतर म्हणाले. खड्याला पाच तारे, दुकानाला दोन. उरलेले 900 मिळेपर्यंत दर शनिवारी मी त्या दुकानात जाणार आहे.