समुद्रकाठचा पब: आठ महिने जाऊन-येऊन

पहिल्याच संध्याकाळी परीक्षण लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच दिले असते. ते सगळे गुण सूर्यास्ताचे होते, पबवाल्यांचा त्यात हात शून्य. म्हणून थांबले. त्यानंतर आठ महिने आठवड्यातून एकदा, कधी दोनदा जातेय. खच्चून भरलेल्या शनिवारी गेले, आणि बारमागच्या पोराला फडकं मारण्यापलीकडे काम नसतं अशा मंगळवारच्या दुपारीही गेले. खरी जागा मंगळवारी दिसते.

आधी बसायचं कुठे ते. नवीन माणूस आला की धावत बाहेरच्या कठड्यालगतचं टेबल पकडतो. दुपारी ही चूक करू नका. शाळेत घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रात्यक्षिकासकट मिळतात: जमीन तापली, तिच्यावरची हवा वर गेली की समुद्रावरून वारा आत घुसतो आणि दुपारी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. टिश्यू उडतात, बिअरचा फेस शेजारच्याच्या शर्टावर जातो, मेनूकार्डावर मीठदाणी ठेवावी लागते. दिवस कलायला लागला की वारा पडतो. तेव्हा दुपारी आत, खिडकीशी, संध्याकाळी बाहेर.

भरतीचं गणितही ठेवावं लागतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्याभरात चित्र जवळजवळ उलटं. पहिल्यांदा गेलो तेव्हा लाटा पायऱ्यांवर आपटत होत्या, म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मैत्रिणीला कौतुकाने घेऊन गेले, तर समोर नुसता चिखल आणि शेवाळाचा वास. तिने अजून ते सोडलेलं नाही. पाणी जवळून बघायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाला जा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, भरती असली तरी पायऱ्या कोरड्याच राहतात.

आता बिअर, कारण माझं भांडण तिथेच झालं. पहिले दोन महिने नळाची बिअर मस्त होती. तिसऱ्या महिन्यात तिला वितळलेल्या लोण्यासारखी चव यायला लागली. सांगितलं, तर उत्तर आलं, “या ब्रँडची चवच तशी आहे.” मग त्याच ब्रँडची बाटली मागवली आणि दोन ग्लास शेजारी ठेवले. बाटलीतली स्वच्छ, नळाची लोणकट. लोण्याची ही चव डायअसिटिल नावाच्या पदार्थाची. बिअर बनतानाच तो थोडा उरू शकतो, पण बाटली चांगली आणि नळ खराब असेल तर संशय नळीवरच जातो. पिंप ते नळ या नळीत जिवाणूंचा थर बसतो आणि लोण्याची नाहीतर आंबूस चव देतो. ही नळी दर दोन आठवड्यांनी धुवावी असा या धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे. इथे शेवटची कधी धुतली ते कुणालाच सांगता येईना. दीड महिना मी बाटलीच पीत राहिले. पुढे बारवर नवीन माणूस आला, त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्या नळ्या धुतल्या आणि चव परत आली. कुणी माझी माफी मागितली नाही, पण दुसरा ग्लास न सांगता आला.

ग्लासाकडेही बघत जा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, तेलाचा किंवा साबणाचा अंश उरलाय. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटाबरोबर फेसाची एकेक कडी काचेवर उमटत जाते. आणि हिरव्या बाटलीतली बिअर उन्हातल्या टेबलावर ठेवू नका. प्रकाशाने हॉप्समधला (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधला) कडू अंश फुटतो आणि काही मिनिटांत कुबट वास सुटतो. तपकिरी बाटली बराच वेळ तग धरते.

मासळीचं सांगायचं तर दारातल्या फळ्यावर खडूने ‘आजची ताजी’ लिहिलेलं असतं. सहाव्या महिन्यात वादळाचा इशारा होता, तीन दिवस एकही होडी पाण्यात गेली नव्हती, आणि फळा जसाच्या तसा. जेवण वाढणाऱ्या पोराला विचारलं. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “ताई, फ्रीझरमधली आहे. तळलेली घ्या, ग्रिल नको.” ऐकलं, आणि तळलेली खरंच चांगली निघाली. गोठवलेली मासळी म्हणजे वाईट असं मुळीच नाही, राग फळ्याचा आहे. बाकी ताज्या मासळीला मासळीचा वास जवळजवळ नसतोच; तो येतो ट्रायमिथाइलअमीनमुळे, मासा जुना होत जाईल तसा. लिंबू पिळल्यावर तो वास दबतो, कारण आम्ल त्याला बांधून ठेवतं. म्हणून इथे मी पहिला घास लिंबाशिवाय खाते. वाटलं तर खडूस म्हणा.

खुर्च्या गंजताहेत. स्टील दिसतं चकचकीत, पण खाऱ्या हवेत साध्या ३०४ प्रतीच्या स्टीलवरही तांबडे डाग पडतात. समुद्राकाठी मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं ३१६ प्रतीचं लागतं. पांढरी पँट घालून जाऊ नका. संगीत शनिवारी कर्कश, एरवी ठीक. स्वच्छतागृह दुपारी चांगलं, रात्री दहानंतर देवाच्या भरवशावर.

समुद्रपक्षी फ्राइज पळवतात, ही तक्रार मी धरत नाही. एक्सेटर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखवलं की हेरिंग गल या पक्ष्याकडे माणूस रोखून बघत असेल तर तो खाण्याजवळ यायला जास्त वेळ लावतो. मी करून पाहिलं. पक्षी थबकला खरा, पण मी पक्ष्याकडे बघत असताना मैत्रिणीने फ्राइज संपवले.

पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा ‘फ्रीझरमधली आहे’ म्हणणाऱ्या पोराचा. फळा पुसायला लागले तर आणखी अर्धा देईन.