जुन्या ब्राउझरवर नवी सीएसएस: पोस्टसीएसएस प्रीसेट-एन्व्ह आठ महिने वापरून

आधी काम कुणाचं होतं ते सांगते, म्हणजे पुढची कुरकुर कळेल. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं वेब ॲप मी नव्यानं केलं. खातेदारांना शिल्लक बघायला, शाखेत भरणा नोंदवायला आणि पिग्मी एजंटांना दारोदार फिरताना रोजची वसुली टाकायला. माझ्या लॅपटॉपवर ताजं क्रोम. त्यामुळे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी सीएसएस हात सैल सोडून लिहीत गेले: नेस्टिंग (नियमाच्या आत नियम), लेयर्स (नियमांचे एकावर एक थर), ओकेएलसीएच (रंग लिहायची नवी पद्धत), फ्लेक्समध्ये म्हणजे ओळीतल्या मांडणीत गॅप (घटकांमधलं अंतर), हॅज सिलेक्टर (सिलेक्टर म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग; हॅज आत काय आहे ते बघून निवडतो), सगळं.

पहिला डेमो शाखेत. कॅशियरच्या मशीनवर निम्मा लेआउट विस्कटलेला, कारण तिथं विंडोज ७ आणि क्रोम १०९. नेस्टिंग क्रोमला ११२पासून कळतं, म्हणजे आत लिहिलेले सगळे नियम त्यानं टाकून दिले होते. मग एका एजंट काकांनी खिशातला फोन काढून पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर निळ्या लिंका, एकाखाली एक. काका म्हणाले, "ताई, हे तुमचं ॲप का? मला वाटलं रेंज गेली." त्यांच्या फोनवर अँड्रॉइड ५, आणि तिथं क्रोम ९५च्या पुढे सरकत नाही. लेयर क्रोमला ९९पासून समजतो. ज्याला तो समजत नाही तो ब्राउझर लेयरचा अख्खा ब्लॉक फेकून देतो, आणि माझी सगळी सीएसएस लेयरच्या आतच होती.

उरलासुरला कार्यक्रम अध्यक्षसाहेबांच्या आयपॅडनं केला. पहिला आयपॅड एअर, आयओएस १२.५वर थांबलेला. त्यावर दुसरा ब्राउझर टाकूनही उपयोग नाही, आत इंजिन ॲपलचंच जुनं वेबकिट.

"नवीन मशीन घ्या" हे सांगणं सोपं. पण शाखेतला पासबुक प्रिंटर त्या विंडोज ७वर वर्षानुवर्षं मुकाट चालतोय आणि त्याला हात लावायला कुणी तयार नाही. मलाही त्याला हात लावायचा नव्हता. तेव्हा सीएसएसच खाली उतरवायची ठरवली आणि बिल्डमध्ये, म्हणजे सर्व्हरवर पाठवण्याआधी फाइली तयार होतात त्या टप्प्यात, पोस्टसीएसएस आणि त्याचा प्रीसेट-एन्व्ह आणला.

ज्यांनी वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोस्टसीएसएस म्हणजे सीएसएस वाचून, प्लगिनांच्या हातून बदलून परत लिहिणारं साधन. अँड्री सिटनिक यांनी ते आणि ऑटोप्रिफिक्सर (ब्राउझरांना लागणारे उपसर्ग जोडणारं प्लगिन) दोन्ही २०१३च्या सुमारास सुरू केले. प्रीसेट-एन्व्ह हा अशा बऱ्याच प्लगिनांचा एकत्र गठ्ठा, जोनाथन नील यांनी सुरू केलेला आणि आता सीएसएसटूल्सची मंडळी सांभाळतात तो. जावास्क्रिप्टमध्ये बेबल जे करतो तेच इथं. तुम्ही आजची सीएसएस लिहा, कुठले ब्राउझर सांभाळायचे ते ब्राउझरलिस्टच्या फाइलमध्ये सांगा, आणि कुठल्या ब्राउझरला काय येतं ते सांगणाऱ्या 'कॅन आय यूज'च्या आकडेवारीवरून तो ठरवतो की काय काय उलगडून जुन्या भाषेत लिहायचं.

बसवायला एक दुपार लागली. ब्राउझरलिस्टच्या दोन ओळी लिहायला मात्र दोन आठवडे. काही न सांगितलं तर तो धरतो अर्ध्या टक्क्याहून जास्त वापराचे ब्राउझर, प्रत्येकाच्या शेवटच्या दोन आवृत्त्या, फायरफॉक्सची ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती), आणि त्यातून मेलेले वजा. भारतापुरता वापर मोजायचीही सोय आहे. पण भारताची सरासरी आणि आमचे एजंट यांचा काय संबंध? शेवटी फक्त ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती मोठ्या अक्षरात दाखवणारं एक पान केलं, एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि म्हटलं, उघडा आणि फोटो पाठवा. दोघांनी फोनचा फोटो काढायला शेजारच्याचा फोन घेतला. चार दिवसांत यादी हातात आली. सगळ्यात खाली क्रोम ९५, मग अँड्रॉइड ६वरचं १०६, शाखांमध्ये १०९. आणि साहेबांचं सफारी १२.

इथं एक खाच आहे ती सांगून ठेवते. अँड्रॉइडवरच्या क्रोमची जुनी आवृत्ती ब्राउझरलिस्टमध्ये वेगळी मागता येत नाही, कारण मूळ आकडेवारीत अँड्रॉइड क्रोमची फक्त ताजी आवृत्ती असते. तिथं डेस्कटॉपच्या क्रोमचंच नाव घालून "९५ आणि वरचे" लिहायचं. मी अर्धा दिवस अँड्रॉइडच्या नावानं लिहीत बसले होते आणि आउटपुटमध्ये काही बदल का होत नाही म्हणून डोकं खाजवत होते.

यादी बरोबर झाल्यावर फरक लगेच दिसला. नेस्टिंग सपाट होऊन गेलं. पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरीत मी मोठा-लहानची चिन्हं वापरली होती, त्यांचं जुनं मिन-विड्थ झालं. अक्षरांचा आकार किमान-कमाल मर्यादेत ठेवायला लिहिलेला क्लॅम्प सफारी १२ला कळत नाही, पण मिन आणि मॅक्स कळतात, म्हणून यानं क्लॅम्प मोडून मॅक्सच्या आत मिन बसवला. हिशोब तोच. आयपॅडवर शिल्लकेचा आकडा योग्य आकारात दिसला तेव्हा बरं वाटलं. ओकेएलसीएच रंगांच्या आधी साधे आरजीबी रंग लिहिले गेले. हे सगळं त्यानं निमूटपणे केलं आणि आठ महिन्यांत एकदाही दगा दिला नाही.

तरीही कॅशियरच्या मशीनवर "भरणा करा" हे बटण दिसेना. होतं, क्लिकही होत होतं, फक्त दिसत नव्हतं. पांढऱ्या कार्डावर पांढरी अक्षरं. बॅकग्राउंड उडालेला.

यात दोन दिवस गेले, आणि चूक माझी. संस्थेचा मुख्य रंग ॲडमिनला सेटिंगमधून बदलता यावा म्हणून मी तो सर्व्हरवरून थेट पानाच्या हेडमधल्या स्टाइल टॅगमध्ये व्हेरिएबल म्हणून छापत होते, ओकेएलसीएचमध्येच. पोस्टसीएसएस चालतो बिल्डच्या वेळी, माझ्या फाइलींवर. सर्व्हर ऐनवेळी काय छापतो ते त्याला कुठून दिसणार? पण खरी गंमत पुढं आहे. बटणाला मी खबरदारी म्हणून दोन ओळी दिल्या होत्या: आधी साधा हिरवा रंग, मग व्हेरिएबलवाला. माझी समजूत अशी की जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ नाही कळली तर तो पहिली धरेल. थेट ओकेएलसीएच लिहिलं असतं तर तसंच झालं असतं. पण ओळीत 'व्हार', म्हणजे व्हेरिएबल वाचायची खूण, आलं की ब्राउझर वाचताना ती ओळ ग्राह्य धरतो, कारण व्हेरिएबलच्या आत काय निघेल ते त्याला तेव्हा माहीत नसतं. म्हणजे पहिली हिरवी ओळ तिथंच बाद. मग प्रत्यक्ष रंग भरायला गेल्यावर आत निघतं ओकेएलसीएच, जे क्रोम १०९ला कळत नाही, कारण त्याला ते १११पासून येतं. आता मागं फिरून हिरवा घ्यायची वाट बंद झालेली असते. तो बॅकग्राउंडची मूळ किंमत घेतो, म्हणजे पारदर्शक.

आता सर्व्हर आधी जुन्या पद्धतीचा हेक्स रंग छापतो आणि ओकेएलसीएच फक्त सपोर्ट्सच्या, म्हणजे ब्राउझरला अमुक येतं का हे विचारणाऱ्या अटीच्या आत. प्रीसेट-एन्व्हला नवा रंग ठेवायला सांगितलं की तोही आपल्या फाइलींतल्या व्हेरिएबलना हेच करतो. कलर-मिक्सचंही असंच आहे. दोन्ही रंग ठोस दिले तर बिल्डमध्येच मिश्रण काढून देतो. आत व्हेरिएबल टाकलं की त्याचा नाइलाज. होव्हरचे, म्हणजे माउस वर नेल्यावर दिसणारे गडद रंग मी हातानं काढून ठेवले.

आयपॅडचं दुखणं वेगळं. तिथं बटणं एकमेकांना चिकटलेली, जणू सुट्टी लागलेली एसटी. सफारीत फ्लेक्सचा गॅप १४.१ला आला, एप्रिल २०२१मध्ये. प्रीसेट-एन्व्हमध्ये गॅपच्या नावाचं एक प्लगिन आहे खरं, पण ते ग्रिडच्या, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांच्या मांडणीतल्या गॅपचं जुनं नाव लिहून देतं, फ्लेक्सला त्याचा काही उपयोग नाही. बरं, सपोर्ट्स लावून विचारावं तर सफारी १२ ठामपणे सांगतो, हो, मला गॅप येतो. खोटं बोलत नाही तो, ग्रिडमध्ये येतोच! प्रश्न "फ्लेक्समध्ये येतो का" असा विचारायची सोयच सीएसएसमध्ये नाही. शेवटी बटणांच्या ओळी ग्रिडवर नेल्या आणि जिथं वळणाऱ्या ओळी होत्या तिथं मार्जिनचा जुना खेळ केला, बाहेरच्या डब्याला उणे मार्जिन आणि आतल्यांना अधिक. फोटोंच्या चौकटींसाठी ॲस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) होता, तोही आयपॅडला कळेना. तिथं सपोर्ट्सनं खरं उत्तर दिलं, म्हणून पॅडिंगमध्ये ५६.२५ टक्के हा सोळाला नऊचा जुना आकडा पुन्हा बाहेर काढला. दहा वर्षांपूर्वी पाठ केला होता, अजून विसरलेले नाही.

थोडक्यात, जे लिहिण्यातलं आहे ते हा प्रीसेट बदलून देतो. जे ब्राउझरनं पानाची मांडणी करताना करायचं असतं ते त्याच्या हातात नाही, आणि त्याच्या माहितीपानावर वैशिष्ट्यांची लांबलचक यादी बघताना हा फरक पटकन डोळ्यांत भरत नाही.

लेयर्सबद्दल माझं मत अजून डळमळतंय. प्रीसेट-एन्व्ह लेयर काढून टाकतो आणि त्यांचा क्रम राखण्यासाठी सगळ्यात खालचा लेयर सोडून बाकीच्या सिलेक्टरांना "नॉट, आणि कंसात कधीच सापडणार नाही असा आयडी" अशी शेपटी जोडतो. सिलेक्टरमध्ये आयडी असला की नियमाचं वजन वाढतं, ते असं फुकट मिळतं. वरच्या लेयरला दोन शेपट्या, त्याच्या वरच्याला तीन. एक दिवस तयार फाइल उघडून बघितली तर साध्या बटणाच्या नावामागं चार शेपट्या, मारुतीरायालाही लाजवतील अशा. काम बिनचूक होतं, पण एक अट आहे: सगळी सीएसएस त्याच्या हातून गेली पाहिजे. माझं तारीख निवडायचं विजेट वेगळ्या लिंकवरून येत होतं. नव्या ब्राउझरमध्ये लेयरबाहेरचे नियम लेयरमधल्यांवर मात करतात, म्हणून आधी ते नीट दिसायचं. शेपट्या लागल्यावर माझेच साधे नियम त्याच्यावर चढून बसले आणि कॅलेंडरचे आकडे एकमेकांत घुसले, तेही ताज्या क्रोमवर, जिथं या सगळ्याची गरजच नव्हती. विजेटची सीएसएस बंडलमध्ये, म्हणजे माझ्या एकत्र तयार होणाऱ्या फाइलीत, ओढून घेतली तेव्हा मिटलं. आज नव्यानं सुरुवात केली असती तर लेयर्स वापरलेच नसते.

हॅजचं मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. त्याला जुन्या ब्राउझरवर चालायला पानात जावास्क्रिप्टचा तुकडाही लागतो, आणि सिलेक्टरच्या जागी आकड्याअक्षरांची जी रांगोळी येते ती बघून पुढं कुणी हा कोड सांभाळेल असं वाटेना. भरलेल्या रकान्याला सर्व्हरवरूनच एक क्लास दिला.

"मग टेलविंड का नाही घेतलंस?" असं एका मित्रानं विचारलं. टेलविंड म्हणजे तयार सीएसएस क्लासांचा संच, आणि त्याच्या आवृत्ती ४ला स्वतःच्याच कागदपत्रांप्रमाणे क्रोम १११, सफारी १६.४, फायरफॉक्स १२८ तरी लागतात. आमच्यातलं कुणीच त्या रांगेत बसत नाही. पोस्टसीएसएससारखंच काम करणारं लायटनिंग सीएसएसही चार दिवस लावून बघितलं. रस्ट भाषेत लिहिलेलं, वेग विलक्षण. पण माझी सीएसएस तरी केवढी, बिल्डचे दीड सेकंद वाचवून मी काय करणार होते?

तपासणीसाठी वेगवेगळे ब्राउझर दुरून वापरू देणारं ब्राउझरस्टॅक वापरलं, २०११मध्ये मुंबईत सुरू झालेलं. जुन्या क्रोमसाठी ते पुरलं. आयपॅडसाठी मात्र साहेबांचाच आयपॅड दर शनिवारी दोन तास मागून आणायचे आणि केबल लावून मॅकवरून आत बघायचे. पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो लेयर्ससाठी आणि गॅपच्या त्या नावासाठी.

दिवाळीत साहेबांनी नवा आयपॅड घेतला. मी त्याच संध्याकाळी ब्राउझरलिस्टमधली सफारी १२ची ओळ काढली, उणे मार्जिनं काढली, ५६.२५ काढला, फाइल चांगलीच सुटसुटीत झाली. पुढच्या सोमवारी शाखेत गेले तर जुना आयपॅड काउंटरवर स्टँडला लावलेला, खातेदारांना ठेवीचे व्याजदर दिसावेत म्हणून. पान उघडंच होतं, बटणं पुन्हा चिकटलेली. कॅशियर म्हणाल्या, "साहेबांनी दिलाय, चांगला आहे, फेकायचा कशाला?" गाडीत बसून लॅपटॉप उघडला आणि ती ओळ परत लिहिली.